जिन्याचं बटण बदलताना

आमच्या पुणतांब्याच्या घरात जिन्याच्या लाईटला दोन बटणं आहेत. एक खाली ओट्याच्या दाराशी, दुसरं वर गच्चीच्या दाराशी. गेल्या पावसाळ्यात खालचं बटण दाबताना करकर वाजायला लागलं. मग पंधरा दिवसांत त्याची तऱ्हा बदलली. वरचं बटण एका ठरावीक बाजूला असेल तरच खालचं ऐकायचं. नाहीतर कितीही खटखट करा, जिना अंधारातच. आईनं तिच्या पद्धतीनं उपाय केला. वरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि घरात फर्मान काढलं, "ह्याला कुणी हात लावायचा नाही." दोन बटणांचा जिना एका बटणाचा झाला. आणि मी सांगतो, गावातल्या दहा घरांचे जिने चढून बघा, एखाद्या तरी बटणावर अशी चिकटपट्टी सापडेल.

हे बटण बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. तरी ते वर्षानुवर्षं रखडतं, किंवा घरच्या घरी कुणी बदललं तर नंतर लाईट जास्तच विचित्र वागते. माझ्या पाहण्यात याची कारणं दोन. पहिलं, जुनं बटण काढताना कोणती वायर कुठल्या स्क्रूत होती ते कुणी बघून ठेवत नाही. दुसरं जास्त घातक आहे. आपण सगळे "लाईट गेली" आणि "करंट गेला" हे एकच समजतो. ते एक नाही, आणि जिन्याच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

आधी कायद्याचं बोलू, कारण "घरचं वायरिंग आपण करायला परवानगी असते का?" असं लोक विचारतात. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ४५वा नियम होता. विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक कंत्राटदारानंच करायचं, असं तो सांगत असे; पण दिवे, पंखे, फ्यूज आणि स्विच जसेच्या तसे बदलणं त्यातून वगळलेलं होतं, अट एवढीच की मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. २०१०मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, त्यांतही ही सूट राहिली. म्हणजे बिघडलेलं टू-वे बटण काढून तिथं तसंच टू-वे बटण बसवणं हे आपल्या हातचं काम. जिन्यात नवीन पॉइंट काढणं, भिंतीतून नवी वायर ओढणं, एका बटणाच्या लाईटला दोन बटणं करणं हे वायरमनचं. ही रेघ ओलांडू नका. या लेखातलं सगळं रेघेच्या अलीकडचं आहे.

आता टू-वे म्हणजे काय ते बघू. पुणतांब्याच्या माणसाला हे समजवायला सोपं आहे, कारण आपलं गाव जंक्शनचं. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीची गाडी इथूनच वळते. गाडी वळते ती सांध्यावर. सांध्याच्या एका बाजूला एकच रूळमार्ग असतो, दुसऱ्या बाजूला दोन. सांधा काही बंद करत नाही. तो फक्त वाट बदलतो. टू-वे बटण म्हणजे हा सांधा. साध्या बटणाच्या मागे दोन स्क्रू असतात आणि ते वायर जोडतं किंवा तोडतं. टू-वेच्या मागे तीन स्क्रू असतात. त्यातला एक कॉमन, म्हणजे एकेरी बाजू. उरलेले दोन म्हणजे पुढे फुटलेल्या दोन वाटा.

जिन्याच्या वायरिंगमध्ये असे दोन सांधे समोरासमोर असतात. स्टेशनात मेन लाईन आणि लूप लाईन अशा दोन वाटा असाव्यात आणि दोन्ही टोकांना सांधे असावेत, अगदी तसंच. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज येते. तिथून मधल्या दोन वायरी वरच्या बटणापर्यंत जातात. वरच्या बटणाच्या कॉमनमधून एक वायर बल्बला जाते आणि बल्बची दुसरी बाजू न्यूट्रलला. दोन्ही सांधे एकाच वाटेला लागले असतील तर गाडी पार, म्हणजे बल्ब पेटतो. एक सांधा मेन लाईनला आणि दुसरा लूपला असेल तर अंधार. दोन बटणांच्या मिळून चार जुळण्या होतात. त्यातल्या दोनांत लाईट लागते, दोनांत नाही. म्हणूनच टू-वे बटणाला ठरलेली "चालू" बाजू नसते. साध्या बटणाची खालची बाजू चालू असते हा आपल्याकडचा रिवाज इथं लागू नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला कुणीही मुलगा हे "स्टेअरकेस वायरिंग" झोपेत काढून दाखवील.

एवढं डोक्यात बसलं की आमच्या बटणाचा आजार आपोआप कळतो. मधल्या दोन वाटांपैकी एक वाट तुटलेली होती. मग चारपैकी फक्त एकाच जुळणीत लाईट लागणार. म्हणून वरचं बटण "चांगल्या" वाटेवर ठेवलं तर खालचं साध्या बटणासारखं काम करतं. ते दुसऱ्या वाटेवर गेलं की काहीच नाही. आईची चिकटपट्टी शास्त्राला धरूनच होती म्हणायची.

पण इथं एक गोम आहे. वाट खालच्या बटणात तुटली, वरच्या बटणात तुटली की मधली वायर कुठं निसटली, हे नुसतं दाबून कळत नाही. तिन्हींची लक्षणं हुबेहूब सारखी. तेव्हा बाहेरच्या खुणा बघायच्या. करकर आवाज, दाबल्यावर मऊ लागणं, बटण कोमट लागणं, पांढऱ्या प्लेटवर पिवळट डाग, जळका वास. साधारणपणे दाराजवळचं, जास्त वापरातलं बटण आधी जातं. तेवढ्यावर भरवसा नको. दोन्ही बोर्ड उघडायची तयारी ठेवा.

बटण जातं कशानं? लोडनं नव्हे. घरगुती बटण ६ अँपिअरचं असतं आणि जिन्यात हल्ली ९ वॅटचा एलईडी लावतात. तो त्या क्षमतेच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी करंट घेतो. बटण जळतं ते ढिल्या स्क्रूमुळे. वायर नीट आवळलेली नसली की आत बारीक ठिणग्या पडत राहतात. त्यात पावसाळ्यात भिंतीची ओल, बोर्डात शिरलेल्या मुंग्या आणि पालीचा संसार. आमच्या बोर्डातून मूठभर माती निघाली.

आता मुख्य गोष्ट, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

जिन्याची लाईट बंद आहे याचा अर्थ बोर्डात करंट नाही असा होत नाही. साध्या बटणाच्या निदान एका स्क्रूवर बंद असताना करंट नसतो. टू-वेच्या जोडीत मात्र बल्ब विझलेला असतानाही मधल्या दोन वायरींपैकी एक कायम जिवंत असते, वरपर्यंत. वरच्या बोर्डात "इथं तर फक्त बल्बची वायर आहे" म्हणून हात घालणारा माणूस बरोबर तिथंच झटका खातो. म्हणून बटण बंद करून काम करणं हा प्रकारच नाही. मेन बंद करायचा.

मेन बंद केला तरी संपलं नाही. आमच्या भागात इन्व्हर्टर नसलेलं घर शोधावं लागेल, आणि जिन्याची लाईट बहुतेक घरांत इन्व्हर्टरवरच असते, कारण अंधारात सगळ्यात आधी तीच लागते. तुम्ही मेन पाडलात की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली. तो डोळ्याचं पातं लवण्याआधी बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडतो. म्हणजे तुम्ही करंट बंद करायला गेलात आणि त्याच हातानं दुसरीकडून चालू केलात. मी हे वाचून शिकलेलो नाही. मेन पाडून, टॉर्च तोंडात धरून मी बोर्डाचा स्क्रू फिरवला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. स्वयंपाकघरातून इन्व्हर्टरची शिट्टी ऐकू येत होती. तिचा अर्थ मला नंतर लागला.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं तर बहुतेक इन्व्हर्टर महावितरणची वीज आरपार जाऊ देतात. फक्त बॅकअप बंद होतो. त्यामुळे दोन्ही हवं: आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग मेन बंद. छतावर सोलर आणि त्याला बॅटरी असेल तर तिसरा खटका तो. आणि "आता तशी लाईट गेलेलीच आहे, तेवढ्यात करून घेऊ" असं तर कधीच म्हणू नका. गेलेली लाईट सांगून परत येत नाही.

दुसरा फास वाटणीचा. जुन्या वाड्यात नाहीतर नव्या स्लॅबच्या घरात थोरले खाली राहतात, धाकटे वर. घराचे दोन भाग झाले, मीटर दोन झाले, मेन दोन झाले. जिना मात्र सामाईक राहिला. अशा जिन्यात खालचं बटण एका मीटरवर आणि वरच्या बोर्डातली बाकीची बटणं दुसऱ्या मीटरवर असतात. वरचा मेन पाडून वरचा बोर्ड उघडलात तरी मधल्या वायरीतून खालच्या मीटरचा करंट तिथं हजर असतो. अशा घरात दोन्ही मेन पाडा; भावाशी बोलणं नसलं तरी तेवढ्यापुरतं बोला. कधी कधी फेज खालच्या मीटरवरून आणि बल्बची न्यूट्रल वरच्या मीटरवरून घेतलेली सापडते. तिथं आरसीसीबी बसवलेला असेल तर जिन्याची लाईट लावली की तो पडतो आणि लोक आरसीसीबीलाच दोष देतात. तो त्याचं काम चोख करत असतो. घरातला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो, आणि इथं गेलेला करंट दुसऱ्याच घरी परतत असतो. ही दुरुस्ती वायरमनची.

मेन पाडल्यावर तो पडलेलाच राहील याची खात्री करा. जुने वायरमन किटकॅट फ्यूज काढून खिशात टाकत आणि काम संपेपर्यंत कुणालाही देत नसत. एमसीबी खिशात टाकता येत नाही, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून "काम चालू आहे" असं लिहा आणि घरातल्यांना मोठ्यानं सांगा. टीव्ही बंद पडला म्हणून एखादं पोरगं धावत जाऊन खटका वर करतं.

मग टेस्टर. पंचवीस-तीस रुपयांचा निऑनचा टेस्टर सगळ्यांकडे असतो, पण तो दोन्ही बाजूंनी खोटं बोलू शकतो. आतला दिवा गेलेला असला तर जिवंत वायरीवरही पेटत नाही. आणि टू-वेच्या मधल्या रिकाम्या वायरीवर, शेजारच्या जिवंत वायरीच्या संगतीनं, तो अंधूक पेटतो. म्हणून टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग मेन पाडून बोर्डातल्या तिन्ही स्क्रूंवर लावा, दोन्ही बटणं वरखाली करून पुन्हा लावा. मल्टिमीटर असेल तर उत्तम. तो अंधूक-बिंधूक न सांगता आकडा दाखवतो. रबरी चप्पल, कोरडी फळी, कोरडे हात हे असू द्याच, पण मेन पाडण्याऐवजी नव्हे.

खरेदीबद्दल थोडकं. दुकानात "जिन्याचं बटण" न म्हणता "सहा अँपिअरचं टू-वे" म्हणा आणि पाठ उलटी करून तीन स्क्रू मोजा. समोरून साधं आणि टू-वे सारखंच दिसतं. घाईत साधं हातात पडतं आणि मग तिसरी वायर कुठं लावायची असा प्रश्न घरी येऊन पडतो. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३८५४ हा क्रमांक बघा. मॉड्युलर बटण घेत असाल तर प्लेट ज्या कंपनीची त्याच कंपनीचं घ्या. दुसरं बहुधा खाचेत बसत नाही. जुना लाकडी बोर्ड आणि त्यावर पियानो बटणं असतील तर जुनं बटणच खिशात घालून दुकानात जा.

घरी आल्यावर, बसवण्याआधी, नव्या बटणाचा कॉमन कोणता ते हातातच तपासा. पुष्कळ बटणांत मधला स्क्रू कॉमन असतो, पण सगळ्यांत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा. दोन बाजूंचे स्क्रू असे शोधा की बटण कसंही दाबलं तरी त्या दोघांत कधीच बीप येत नाही. उरलेला तो कॉमन. मल्टिमीटर नसेल तर एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वीतभर वायर यावर हेच काम होतं. जुन्या बटणावरही हाच प्रयोग करून पाहा, म्हणजे ते खरंच गेलंय की उगाच बदनाम झालंय ते कळेल.

आता बोर्ड उघडला. थांबा. पकड खाली ठेवा.

आपल्या गावात गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्यामुळे चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं, ही कथा पुणतांब्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तुम्ही मात्र कागद कोरा ठेवू नका. बटणाच्या पाठीचं चित्र काढा, तीन स्क्रू, आणि प्रत्येकाला कोणती वायर. रंग लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण कागदावरही काढा, कारण फोटोत बोटाच्या सावलीखाली नेमकी हवी ती वायर जाते. कॉमनवरच्या वायरीला काढण्यापूर्वीच चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा. बाकी काही जमलं नाही तरी हे करा. साऱ्या कामात चुकू नये अशी जोडणी ही एकच.

रंगांवर विसंबू नका. आपल्याकडे फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असा संकेत आहे, पण जुन्या घरात उरलेल्या गुंडाळ्यातून जी निघाली ती ओढलेली असते. आमच्या जिन्यात तिन्ही वायरी लाल निघाल्या.

कॉमनच्या स्क्रूत कधी कधी दोन वायरी एकत्र असतात. एक आत येणारी फेज आणि दुसरी त्याच बोर्डातल्या पुढच्या बटणाला गेलेली लूप. या दोघींची फारकत करू नका. दोन्ही परत एकाच स्क्रूत जायला हव्यात, नाहीतर जिन्याची लाईट लागेल आणि ओट्याची बंद पडेल.

मग एक-एक वायर जुन्यातून सोडवायची आणि लगेच नव्यात बसवायची. तिन्ही एकदम सोडून चहाला जायचं नाही. टोक काळं पडलं असेल तर कापून साधारण ८ ते १० मिलिमीटर नवं सोला. तांब्याच्या बारीक तारा पिळून घ्या, एखादी तार बाहेर राहू देऊ नका, वायर फार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. स्क्रू आवळला की वायर हलकेच ओढून बघा. निघाली तर आत्ता निघाली ते बरं. जुन्या वायरिंगमध्ये अल्युमिनियमची एक-अठरा निघाली तर मात्र हळू. ती दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि भिंतीतून बाहेर आलेला तुकडा आधीच आखूड असतो. तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका; त्या जोडात गंज आणि ढिलेपणा ठरलेला. चांगला कनेक्टर वापरा, नाहीतर वायरमनला बोलवा.

सगळं बसलं, प्लेट लागली, मग मेन वर करा आणि चारही जुळण्या तपासा. खालचं बटण दाबा, वरचं दाबा, परत खालचं, परत वरचं. प्रत्येक दाबण्याला लाईटची स्थिती बदलली पाहिजे.

बदलली नाही, आणि लाईट चारांतल्या एकाच जुळणीत लागली, तर कॉमनची वायर बाजूच्या स्क्रूत आणि बाजूची कॉमनमध्ये गेली आहे. घरी बटण बदलणाऱ्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. लक्षण हुबेहूब जुन्या आजाराचंच असतं, त्यामुळे माणूस म्हणतो "नवीन बटणही खराब निघालं" आणि दुकानदाराशी भांडायला जातो. मेन पाडा, त्या दोन वायरींची अदलाबदल करा. बाजूच्या दोन वायरी आपसांत बदलल्या तर काही बिघडत नाही. बटणाची दिशा उलटी होते इतकंच.

एका प्रकारच्या जोडणीपासून मात्र लांब राहा. वायर वाचवण्यासाठी काही ठिकाणी दोन्ही बटणांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही देतात आणि बल्ब दोन कॉमनच्या मध्ये टांगतात. लाईट व्यवस्थित चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण विझलेल्या बल्बच्या दोन्ही टोकांना फेज असू शकते. होल्डर बदलणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आणि इथं कॉमनची चूक झाली तर बटण दाबताक्षणी सरळ शॉर्ट. टू-वे बटणाच्या दोन बाजूंना लाल आणि काळी अशी जोडी दिसली तर काळी म्हणजे न्यूट्रल असेलच असं नाही, पण थांबायला तेवढं कारण पुरे. झाकण लावा आणि वायरमनला बोलवा.

वस्तीवर राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथं टू-वे जिन्यात नसतं, घर आणि गोठ्यात असतं. आमच्या राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर आहे. रात्री गाय हंबरली की दार उघडण्यापूर्वी अंगणातली लाईट लागली पाहिजे, आणि गोठ्यातून परतताना ती तिथूनच बंद करता आली पाहिजे. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे, आणि रात्रीचं पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला हे बटण दारातल्या काठीइतकंच लागतं. पण घर ते गोठा अशा शंभर-दीडशे फुटांच्या वायरी शेजारी-शेजारी गेल्या की एक गंमत होते. बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणत राहतो किंवा डोळे मिचकावतो. बटण खराब नसतं. लांब वायरीत शेजारच्या जिवंत वायरीमुळे थोडासा करंट झिरपतो. जुन्या साठच्या बल्बला तो जाणवायचा नाही, एलईडीला जाणवतो. पण हेच लक्षण फेजऐवजी न्यूट्रल बटणात गेली असेल तरीही दिसतं, आणि ते धोक्याचं. तेव्हा आधी फेजच तुटते ना, हे वायरमनकडून तपासून घ्या, मग मिणमिणण्याकडे काणाडोळा करा. गोठ्यातलं बटण मात्र जनावराच्या शेपटीपासून आणि शेणपाण्यापासून लांब, झाकणाच्या डबीत हवं.

तीन मजली घर असेल आणि मधल्या मजल्यावरही बटण असेल तर ते मधलं टू-वे नसतं. त्याला इंटरमीजिएट म्हणतात आणि त्याला चार स्क्रू असतात. खालून आलेल्या दोन वायरी ते सरळ वर पाठवतं किंवा त्यांची फुली मारून पाठवतं. ते बदलताना एकच नियम: खालून आलेली जोडी आणि वर जाणारी जोडी वेगवेगळी बांधून ठेवा. स्क्रूंची मांडणी कंपनीगणिक बदलते, म्हणून चित्र आणि मल्टिमीटर दोन्ही घ्या. गावच्या दुकानात हे बटण बहुधा नसतं. कोपरगाव-श्रीरामपूरला फोन करून विचारून मगच निघा. तोपर्यंत जुनं उपटून ठेवू नका.

बोर्डात वायरीचं आवरण हात लावताच गळून पडत असेल, भिंतीतून पाणी झिरपत असेल, मेन पाडूनही टेस्टर लख्ख पेटत असेल, तर तिथंच थांबा. घराबाहेरच्या खांबावरचा किंवा मीटरचा दोष असेल तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. स्वतः खांबाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि कुणाला करंटनं धरून ठेवलंच तर आधी मेन, मग माणूस. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं त्याला वायरीपासून सोडवा, उघड्या हातानं नाही.

आमच्या जिन्याचं बटण मी बदलून आता वर्ष होत आलं. वरची चिकटपट्टी आईनं स्वतः काढली; पण काढण्यापूर्वी दोन दिवस खालीवर करून तपासून घेतलं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. तो तीन स्क्रूंचा कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावर तारीख, वायरींचे रंग, जिन्याची लाईट कोणत्या एमसीबीवर आहे ते, आणि "इन्व्हर्टर आधी बंद करा" असं ठळक लिहिलं आहे. तुमच्या घरी बटण बदलाल तेव्हा तुमचाही कागद तिथं लावून ठेवा.